कॉलेज फॉरवर्डचा रिबाउंड आणि डिफेन्स : कुठून सुरू करायचं, काय चुकतं

कुर्ल्याकडून येणाऱ्या धिम्या लोकलने दादरला उतरायचं असेल, तर सायन गेलं की दाराकडे सरकायला लागावं. गाडी फलाटात शिरल्यावर मागून उसळी मारणारा परळला उतरतो. बास्केटबॉलमध्ये रिबाउंडचा, म्हणजे चुकलेल्या शॉटचा परतणारा बॉल पकडण्याचा, हिशोबही असाच असतो. बॉल रिंगवर आपटल्यानंतर जो धावतो, त्याची उडी कितीही चांगली असो, पुढची जागा तोवर कुणीतरी धरलेली असते. दोन फॉरवर्डच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूंच्या, उडीत फार तर पाच-दहा सेंटिमीटरचा फरक असतो. जागेत मात्र अख्ख्या पावलाचा फरक पडू शकतो.

मुंबईतल्या बऱ्याच कॉलेज संघांत फॉरवर्ड कसा ठरतो, तर अकरावीत वर्गातला सगळ्यात उंच म्हणून. शाळेत पाच फूट अकरा इंच उंची पुरते, कारण समोरचा पाच-सातचा असतो. बॉल आपोआप हातात येतो आणि बॉक्स-आउट, म्हणजे पाठ लावून समोरच्याला रिंगपासून अडवणं, शिकायची वेळच येत नाही. मग आंतरमहाविद्यालयीन सामन्यात सहा-तीनचा गडी पाठीवर बसतो, किंवा नागपाड्याच्या कोर्टवर वाढलेला बुटका गार्ड (बॉल घेऊन खेळ चालवणारा) खालून हात घालून बॉल उडवतो, आणि सगळे म्हणतात, पोरगं सॉफ्ट आहे. पोरगं सॉफ्ट नसतं. त्याला पाय कुठे ठेवायचे ते कुणी सांगितलेलं नसतं.

आधी बॉल वाचायला शिका

पहिले दोन आठवडे उडी मारूच नका. साथीदाराला पाच जागांवरून शॉट मारायला सांगा : दोन्ही कोपरे, दोन्ही विंग (कोपरा आणि मध यांच्या दरम्यानच्या बाजू), मधोमध. प्रत्येक जागेवरून वीस. तुम्ही पेंटच्या, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या, कडेला उभं राहायचं आणि बॉल रिंगला लागायच्या आत मोठ्याने सांगायचं, ‘लांब उजवी’, ‘आखूड’, ‘डावी’. सुरुवातीला निम्मे अंदाज चुकतील.

काही गोष्टी लवकर लक्षात येतात. कोपऱ्यातून चुकलेला शॉट बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जातो. विंगवरून चुकलेलाही बऱ्याचदा पलीकडे पडतो, मधून मारलेला साधारण समोरच परततो. शॉट जितका लांबून, तितका रिबाउंड लांब. तीन गुणांच्या ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून मारलेला बॉल कधीकधी फ्री थ्रो लाईनच्याही (फाउलनंतरचा मोकळा शॉट जिथून मारतात ती रेषा) पुढे येतो आणि रिंगखाली उभे असलेले चौघे त्याच्याकडे बघत राहतात. सपाट जाणारा शॉट जोरात उसळतो, उंच कमानीचा रिंगजवळच पडतो.

रिंगही बघा. आपल्या उघड्या मैदानांवरच्या कित्येक रिंगा पक्क्या वेल्ड केलेल्या असतात, स्प्रिंग नसते. त्यावरून बॉल दगडावर आपटल्यासारखा उडतो. इनडोअर कोर्टवरची स्प्रिंगवाली रिंग बॉलचा जोर खाते. तेव्हा वॉर्म-अपमध्ये दोन मिनिटं फक्त बॉल कसा उसळतोय ते पाहण्यात घालवा. डेनिस रॉडमन सहकाऱ्यांच्या शॉटमध्ये बॉल किती फिरतो हे बघत बसायचा. एनबीए या अमेरिकन लीगमधल्या बाकीच्या मोठ्या खेळाडूंच्या मानाने तो उंच नव्हता, सहा फूट सात इंच. तरी १९९१-९२ ते १९९७-९८ असे सलग सात हंगाम दर सामन्यामागे सगळ्यात जास्त रिबाउंड त्याच्याच नावावर होते.

बॉक्स-आउट

शॉट सुटला की डोळे आपोआप बॉलकडे जातात. पहिली सवय तोडायची ती हीच. ‘शॉट!’ असं ओरडायचं आणि आपला माणूस शोधायचा. बॉलला रिंगपर्यंत पोचायला सेकंद-सव्वा सेकंद लागतो, तेवढा वेळ माणसासाठी आहे.

माणूस दिसला की एक पाऊल त्याच्याकडे टाका. रिंगकडे नाही, त्याच्याकडे. बहुतेक चुका इथेच होतात. खेळाडू जागेवरच वळून पाठ दाखवतो, समोरच्याला धावत यायला दोन मीटर मोकळे मिळतात आणि तो एका बाजूने सुळकन निघून जातो. पुढे जाऊन कोपरात वाकवलेला हात त्याच्या छातीला टेकवा. हात सरळ ताणला किंवा ढकललं तर फाउल. हाताचं काम फक्त तो कुठल्या बाजूने निघतोय ते कळवणं. तो तुमच्या उजवीकडून निघाला तर उजवा पाय त्याच्या वाटेत टाका, त्या पायावर फिरा आणि पाठ त्याला लावा. बाजू उलटी असेल तर पाय उलटा.

आता बसा. खरंच बसा, खुर्चीत बसल्यासारखं. पाय खांद्यांपेक्षा रुंद, पार्श्वभाग त्याच्या मांडीच्या वरच्या भागाला टेकलेला, कोपरं खांद्याच्या उंचीला, पंजे उघडे. तो डावीकडे सरकला तर तुम्हीही छोट्या पावलांनी डावीकडे, स्पर्श सोडायचा नाही. संपर्क कंबरेच्या वर गेला की समजा तुम्ही उभे राहिलात, आणि उभ्या माणसाला हलवायला एक बोट पुरतं. कंबरेने मागे धक्का देत गेलात तर मात्र व्हिसल तुमच्यावरच वाजेल.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे रिंगखाली ढकललं जाणं. बरोबर जाळीखाली फक्त झालेला बास्केट मिळतो. रिंगपासून निदान दीड-दोन मीटरवर समोरच्याला थोपवा. तो आत रेटत असेल तर पाठ ताठ करून उपयोग नाही, कंबर आणखी खाली न्या.

सरावासाठी मधलं वर्तुळ उत्तम. त्याची त्रिज्या १.८० मीटर असते. बॉल मधोमध जमिनीवर ठेवा, डिफेंडर वर्तुळाच्या रेषेवर आतल्या बाजूला, हल्ला करणारा बाहेर. शिट्टी झाली की तीन सेकंद त्याला बॉलला हात लावू द्यायचा नाही. जमलं की पाच सेकंद. बॉल हवेत नसल्यामुळे वर बघायचा मोहच राहत नाही. एका वेळी सहा ते आठ फेऱ्या, त्यापुढे पाय थकतात आणि खेळाडू हातांनी धरायला लागतो.

बॉल हातात आल्यावर

दोन्ही पायांवर उडी, दोन्ही हातांनी पकड, शक्यतो उडीच्या सर्वोच्च टोकाला. खाली येताना बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर. कोपरं रुंद ठेवायला हरकत नाही, फिरवून मारली तर फाउल आहे. बॉल कंबरेपर्यंत खाली आणणं ही कॉलेज फॉरवर्डची सगळ्यात महागडी सवय. तिथे गार्डचे हात वाट बघत असतात.

उतरतानाच मान जवळच्या साइडलाइनकडे वळवा. गार्ड फ्री थ्रो लाईनच्या सरळ रेषेत साइडलाइनपाशी उभा असायला हवा. एक पाय रोवून बाहेरच्या बाजूला वळून (पिव्होट) डोक्यावरून दोन हातांनी पास. वाट बंद असेल तर एक-दोन जोरदार ड्रिबल मारून गर्दीतून बाहेर या. आपल्याच रिंगखालून आडवा पास कधीही नको. तो अडवला गेला तर समोरच्याला फुकटचा ले-अप, म्हणजे रिंगजवळून सोपा शॉट.

हवेत हात पक्के होण्यासाठी बोर्डवर बॉल आपटून पेंटच्या दुसऱ्या बाजूला पकडायचा सराव करा. पेंट ४.९ मीटर रुंद आहे. एका बाजूच्या रेषेबाहेरून फेका, धावा, दुसऱ्या रेषेबाहेर दोन्ही पाय टेकवून बॉल घ्या, लगेच परत फेका. आठ पकडी झाल्या की दम लागतो. थकवा आला तरी बॉल हनुवटीखालीच हवा, नाहीतर ती पकड मोजायची नाही.

समोरच्या बोर्डवर

हल्ल्यात बॉक्स-आउट करणाऱ्याच्या पाठीवर चढू नका. त्याने पाठ लावायच्या आत दिशा बदला : एक पाऊल एंडलाइनकडे, तो तिकडे झुकला की हात त्याच्या खांद्यावरून पोहल्यासारखा काढून आतून पुढे. पूर्ण जागा नाही मिळाली तरी त्याच्या शेजारी खांद्याला खांदा लागला, तर रिबाउंड निम्मा तुमचा. पकड शक्य नसेल तर बॉल बाहेर गार्डकडे टॅप करा.

आपल्याकडचे सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी होतात आणि दोन नियम फॉरवर्डने पाठच करावेत. शॉट रिंगला लागून गेला की रिंगवर नाचणारा बॉल कुणीही उडवू शकतो, हल्ला करणाराही. एनबीए बघून शिकलेल्यांना हे ठाऊक नसतं. मात्र रिंग किंवा जाळी धरायची नाही, आणि फ्री थ्रो चालू असून पुढचा बाकी असेल तेव्हा हात लावायचा नाही. दुसरा नियम : रिंगला लागलेला बॉल हल्ल्यातल्या संघानेच परत मिळवला, तर शॉट क्लॉक (शॉट घ्यायची मुदत मोजणारं घड्याळ) २४ सेकंदांवर नाही, १४ वर जातं.

फ्री थ्रोच्या वेळी रिंगजवळच्या दोन्ही जागा डिफेन्सच्या असतात. तरी तिथून रिबाउंड जातात, कारण बॉल सुटल्यावर खेळाडू सरळ उभा राहून वर बघतो. बॉल हातातून सुटताच शेजाऱ्याच्या बाजूचा पाय पेंटमध्ये त्याच्या पुढे आडवा टाका. फ्री थ्रो मारणाऱ्याला कोण अडवणार हे आधी ठरवा. तो मोकळा सुटणं हा केवळ आळस आहे.

डिफेन्स

उभं राहण्याची ढब बॉक्स-आउटचीच, तोंड उलटं. पाय रुंद, वजन पुढच्या पंजांवर, कंबर खाली, छाती वर. सरकताना मागचा पाय जमिनीला ढकलतो आणि पुढचा पाय जागा घेतो. पाय एकत्र आले किंवा एकमेकांवरून गेले की समोरचा त्याच क्षणी निघतो.

उंच पोरांना सगळ्यात जड जातो तो क्लोज-आउट. हेल्पला, म्हणजे साथीदाराच्या मदतीला, पेंटमध्ये उभे आहात आणि बॉल तुमच्या माणसाकडे बाहेर गेला. पहिली दोन-तृतीयांश वाट पूर्ण वेगाने, उरलेली बारीक थपथप पावलांनी, कंबर खाली, एक हात शॉटच्या हातासमोर वर. शेवटपर्यंत पळत गेलात तर तो फेक, म्हणजे खोटा शॉट, दाखवून शेजारून जाईल. उंच माणूस फेकवर हवेत जातो, कारण शाळेत त्याला ब्लॉकवर टाळ्या मिळालेल्या असतात. नियम एकच ठेवा : त्याचे पाय जमिनीवरून सुटल्याशिवाय तुमचे सुटणार नाहीत.

पोस्टमध्ये (रिंगजवळच्या जागेत) लढाई बॉल येण्याआधीची. समोरच्याच्या मागे उभं राहून त्याला बॉल घेऊ देऊ नका. बॉलच्या बाजूने अर्धं पुढे या, एक पाय आणि एक हात पासच्या वाटेत. वरून पास आलाच तर मागे हेल्प हवी, ती आधी बोलून ठेवा. फिबामध्ये डिफेन्सला तीन सेकंदांचं बंधन नाही, त्यामुळे हेल्पवाला पेंटमध्ये हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. समोरच्याने बॉल घेतलाच, तर दोन्ही हात सरळ वर आणि उडी सरळ वर. तुमच्या डोक्यावरची हवा तुमची आहे, त्याने येऊन धडक दिली तर फाउल त्याचा. हात पुढे झुकला की तोच फाउल तुमचा. हातोड्यासारखा वरून मारलेला ब्लॉक दहात एकदा दिसायला भारी असतो, उरलेल्या वेळी वैयक्तिक फाउल वाढवतो. पाचव्याला बाहेर बसायचं आहे. शिवाय एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो.

आणि बोला. ‘स्क्रीन लेफ्ट’, ‘हेल्प आहे’, ‘बॉल माझा’. पेंटमधून अख्खं कोर्ट फक्त फॉरवर्डलाच समोर दिसतं. गप्प फॉरवर्डच्या संघातला गार्ड स्क्रीनवर, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या समोरच्या खेळाडूवर, जाऊन आदळतो.

सिमेंट, पाऊस आणि गुडघे

आठवड्यातून दोनदाच उड्यांचा सराव, मध्ये निदान ४८ तासांचं अंतर. सुरुवातीला एका वेळी साठ उड्या पुरेत. सिमेंटवर रोज दोनशे उड्या मारणाऱ्याची नडगी किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध काही आठवड्यांत बोलायला लागतो, आणि दुखत असताना खेळलं की प्रकरण लांबतं. आधी उतरणं शिका : आवाज कमी, पुढचा पंजा आधी, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेत. गुडघे आत वळत असतील, आणि मुलींमध्ये हे खास तपासावं, तर उड्या थांबवून आधी एका पायावरचे स्क्वाट आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम करा. कंबर खाली धरून टिकायचं तर मांड्यांत ताकद हवी. आठवड्यातून दोन दिवस स्क्वाट, डेडलिफ्ट, प्लँक. वजन इतकंच की शेवटची फेरीसुद्धा नीट सरळ व्हावी.

जून ते सप्टेंबर उघडं कोर्ट ओलं असतं, कोपऱ्यांत शेवाळ धरतं. तिथे स्लाइडचा सराव म्हणजे घोटा मुरगळायचं आमंत्रण. हे महिने जिमला द्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर बॉल मारून दोन हातांनी पकड आणि हनुवटी, एवढं तरी करता येतं. कोरड्या दिवसांत कोर्टवर धूळ असते, म्हणून बाजूला एक ओलं फडकं ठेवा आणि बुटांचे तळवे अधूनमधून पुसा. ऑक्टोबरच्या दमटपणात नुसत्या पाण्याने भागत नाही, बाटलीत लिंबू, मीठ, साखर घाला.

मोजायचं काय

रिबाउंडचा आकडा एकट्याने फसवतो. समोरचा संघ शॉट चुकवत असेल तर तो आपोआप फुगतो. राखीव खेळाडूच्या हातात वही द्या आणि तीनच रकाने ठेवा : तुम्ही कोर्टवर असताना समोरच्याने मारलेले शॉट, त्यातल्या किती शॉटवर तुम्ही माणसाला स्पर्श केलात, आणि तुमच्या माणसाने घेतलेले रिबाउंड. बॉल कुणाला मिळाला हे महत्त्वाचं नाही. तुम्ही माणूस थोपवलात आणि बॉल गार्डने उचलला, तरी काम झालं. पहिल्या सामन्यात दहापैकी तीन-चार स्पर्श निघतील. सातच्या पुढे गेल्यावर तिसरा रकाना रिकामा पडायला लागतो. आठवड्याचा सराव त्या वहीवरूनच ठरवा : दुसरा रकाना कमी असेल तर वर्तुळाचा सराव, दुसरा भरलेला असून तिसराही भरत असेल तर कंबर वर येतेय, मांड्यांचं काम वाढवा.