फोन एक, माणसे पाच : डिजिटल मानसिक आरोग्य संशोधकांच्या प्रशिक्षणात या चुका टाळा

मुंबईतील कुटुंबांसाठीच्या डिजिटल मानसिक आरोग्य सेवांवर काम करू पाहणाऱ्या नव्या संशोधकांना शिकवताना एक गोष्ट वारंवार जाणवते : संख्याशास्त्र त्यांना उत्तम येते, परंतु ज्या घरात त्यांचे ॲप उघडले जाणार, ते घर त्यांनी नीट पाहिलेले नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोबाइल नंबरालाच माणूस समजणे. गोवंडीच्या दहा बाय बाराच्या खोलीत किंवा लालबागच्या चाळीत एकच स्मार्टफोन अनेकदा घरभर फिरतो. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो, संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाला लागतो आणि आईच्या वाट्याला येतो तो रात्री, सगळे तिच्या शेजारीच निजलेले असताना. ओटीपी वडिलांना जातो, ‘आज तुमचे मन कसे आहे?’ ही सूचना फोन लॉक असतानाही दिसते आणि व्हिडिओ समुपदेशनातला शब्दन्‌शब्द सासूबाईंच्या कानी पडतो. आम्हीही यात फसलो आहोत. एका सुनेची उत्तरे तीन आठवडे निर्धास्त दिसत होती. घरी गेल्यावर कळले की ती तिची नणंद भरत होती, तेही चांगल्या हेतूने.

म्हणून नोंदणीच्या वेळी ‘फोन कोणाचा?’ एवढ्यावर न थांबता ‘तो तुमच्या हाती केव्हा असतो आणि तेव्हा जवळ कोण असते?’ असे विचारावे. सूचनेच्या मजकुरात मनाचा किंवा आजाराचा उल्लेख नसावा, आणि बोलणे मध्येच थांबवण्यासाठी ‘दूध उतू जातंय’ यासारखा घरगुती संकेत आधी ठरवून घ्यावा. प्रशिक्षणार्थींनी स्वतःच्या घरी, सगळ्यांच्या देखत, तीच प्रश्नावली एकदा भरून पाहावी. तासभराच्या व्याख्यानापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

दुसरी चूक भाषेची. पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागील दोन आठवड्यांविषयी विचारते आणि ० ते २७ गुण देते. तिच्या पहिल्या प्रश्नाचे ‘कामात रस वाटत नाही का?’ असे घाईने मराठी केले, की ‘भांडी घासण्यात कसला आलाय रस?’ हे उत्तर येते, आणि ते रास्तच असते. पडताळणी झालेले मराठी रूप वापरावे, त्यात मनाने बदल करू नयेत. मात्र ‘जीव घाबरा होतो’, ‘डोक्यावर भार आहे’, ‘कशात मन लागत नाही’ असे शब्द लोक कोणत्या अर्थाने वापरतात, हे मुलाखतींतून स्वतंत्रपणे नोंदवावे. घरात मालवणी किंवा आगरी बोलणाऱ्या आजींना छापील मराठी परकी वाटू शकते, याचेही भान असावे.

याच प्रश्नावलीचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याविषयी, स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर शनिवारी रात्री दोन वाजता येते आणि संशोधक ते सोमवारी पाहतो, ही चूक क्षम्य नाही. शून्याखेरीज कोणतेही उत्तर येताच ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा २४ तासांचा क्रमांक पडद्यावर दिसावा, त्या दिवशीच्या जबाबदार व्यक्तीला तत्काळ इशारा जावा, आणि घरातील कोणाला कळवायचे हे सहभागी व्यक्तीने आधीच सांगितलेले असावे. ही साखळी कागदावर न ठेवता तिची रंगीत तालीम करावी, तीसुद्धा सुट्टीच्या दिवशी.

संमतीबाबत वडीलधाऱ्यांची सही मिळाली की झाले, असा समज दिसतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढे १८ वर्षांपर्यंत लेखी मान्यता घ्यावी लागते. सही करणाऱ्या वडिलांना मुलीची उत्तरे पाहता येणार नाहीत, हे सहीपूर्वीच स्पष्ट सांगावे. याउलट मुलीला ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये, कारण लैंगिक अत्याचाराची बाब पुढे आल्यास बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ अन्वये ती कळवणे बंधनकारक आहे.

सर्वसमावेशकतेचे काम एका मोठ्या अक्षरांच्या बटणावर आटोपू नये. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील माहितीपत्रक स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, वाचू शकत नाही. तो मराठीऐवजी निरर्थक अक्षरे उच्चारतो. संमती-प्रक्रिया अंध व्यक्तीला ऐकवून तिच्याकडून तपासून घ्यावी, आणि चित्रफितींना मराठी उपशीर्षके द्यावीत.

शेवटी, गळतीचा, म्हणजे सहभागींनी अभ्यास मध्येच सोडण्याचा, अर्थ लावण्याची घाई. मे महिन्यात किंवा गणपतीत उत्तरे थांबली की तक्त्यात ‘अनास्था’ अशी नोंद होते, आणि कुटुंब मात्र कोकणात गावी गेलेले असते, किंवा रिचार्ज संपलेला असतो. नोंद करण्यापूर्वी एक साधा फोन करावा, आणि तो आईच्या हाती फोन असण्याच्या वेळेत करावा.