लावणी झाली, गणपती झाले, आता परत पळायचंय? मग या चुका टाळा

जुलै लागला की आमच्या खानापूर साइडची पोरं ग्राउंडवरनं गायब. रोप लावणी असते, घरात माणूस कमी, सुट्टी मागायची सोय नाही. लावणी उरकते तोवर गणपती येतात, आणि बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी चालूच असते, त्यामुळं पुढचे आठ दिवस झोप काढण्यात जातात. मग कुठनंतरी भरतीची बातमी येते आणि सगळे एकदम सकाळी साडेपाचला हजर.

गेल्या वर्षी असाच एक आला. आधी 1600 मीटर 5 मिनिटं 20 सेकंदात मारायचा. दोन महिने बंद होता आणि आल्या दिवशीच "बघूया तरी किती येतंय" म्हणून घड्याळ लावून सुटला. पहिले दोन राउंड झकास, तिसऱ्यात चेहरा पांढरा, चौथा कमरेवर हात ठेवून चालत संपवला आणि कडेला जाऊन चहा-पाव ओकला. वर म्हणतो कसा, माझा स्टॅमिनाच गेला दादा.

गेला नव्हता रे. पहिली चूक हीच, पहिल्याच दिवशी जुना टायमिंग शोधणे. सराव थांबला की एक-दोन आठवड्यातच रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, कमी होतो, मग एका ठोक्याला हृदय कमी रक्त ढकलतं आणि ती कसर भरून काढायला ठोके वाढतात, म्हणून तेवढ्याच वेगाला जास्त धाप लागते. 1984 च्या एका अभ्यासात चांगल्या तयारीच्या खेळाडूंनी सराव पूर्ण बंद केला तर ऑक्सिजन वापरायची ताकद 3 आठवड्यांत साधारण 7 टक्के आणि 8 आठवड्यांत 16 टक्के उतरली होती. म्हणजे उतरते, पण शून्य होत नाही. पहिला आठवडा नुसतं बोलत बोलत पळता येईल एवढ्याच वेगानं पळा, घड्याळ घरी ठेवा.

आता गंमत अशी की प्लाझ्मा जातो तसा लवकर परतही येतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकदम हलकं वाटायला लागतं आणि खरा घोटाळा इथंच होतो, कारण दम परत आला तरी टाचेची शीर (म्हणजे रक्ताची नस नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर, अकिलीस टेंडन) आणि नडगीचं हाड अजून तयार नसतं, त्यांना बरेच जास्त आठवडे लागतात. अमेरिकेत 2011 मध्ये मालक आणि खेळाडूंच्या भांडणात एनएफएल, म्हणजे त्यांच्या अमेरिकन फुटबॉलची लीग, साडेचार महिने बंद होती, कॅम्प सुरू झाल्यावर पहिल्या 12 दिवसांत 10 खेळाडूंची टाचेची शीर तुटली. आणि ती काय घरी बसून खाणारी माणसं नव्हती. सकाळी उठून पहिली चार पावलं टाकताना टाच किंवा पोटरी धरत असेल तर स्प्रिंट आणि चढ दोन्ही बंद, डांबरी सोडून मातीवर या.

तालमीतल्या पोरांची चूक वेगळी. त्यांची ताकद तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते, त्यामुळं पहिल्याच दिवशी जुन्या हिशोबानं 500 बैठका घालतात. ताकद असते हो, पण मांडीची ती मार सोसायची सवय मोडलेली असते. दोन दिवस जिना उतरता येत नाही, इथपर्यंत ठीक. पण लघवी काळ्या चहासारखी झाली तर मालिश बिलिश करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा, कारण तुटलेल्या स्नायूतला माल रक्तात उतरून किडनीला मारतो. पहिल्या दिवशी 100 खूप झाल्या.

बुडलेले दिवस भरून काढायला सकाळ-संध्याकाळ डबल करणाऱ्यांबद्दल काय बोलायचं, ते दहा दिवसांत परत घरी बसतात.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक पूर्ण बंद करणे हीच. 1966 साली डॅलसला 5 तरण्या पोरांना 3 आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं तर त्यांची ऑक्सिजनची ताकद चौथा हिस्सा गेली. उलट आठवड्यात 6 दिवसांऐवजी 2 दिवसच सराव ठेवला पण वेग कमी केला नाही, तर 15 आठवडे ती ताकद टिकते हे अभ्यासात दिसलंय. दिवस कमी करा, किलोमीटर कमी करा, वेग मात्र कमी करू नका. हे अर्थात सराव चालू असताना, पूर्ण तुटल्यावर वरचंच लागू.

यंदा तोच पोरगा लावणीतसुद्धा मंगळवार आणि शनिवार चिखलाचे पाय धुवून गावच्या रस्त्यावर वीस मिनिटं पळत होता, त्यात 400 चे तीन जोरात. लोक हसायची म्हणे, दिवसभर वाकून परत पळालास काय म्हणून. परवा ग्राउंडवर भेटला, विचारलं किती येतंय, तर म्हणाला, अजून घड्याळ लावलं नाही दादा.