अमेरिकेतील फिरत्या इलेक्ट्रिशियनांनो, युनियनच्या यादीत या चुका टाळा

अमेरिकेतील वीजकामगारांच्या ‘आयबीईडब्ल्यू’ या १८९१ साली स्थापन झालेल्या युनियनमध्ये बांधकामावरचे काम सहसा ठेकेदाराच्या दारात उभे राहून मिळत नाही; ते त्या भागातील ‘लोकल’च्या, म्हणजे स्थानिक शाखेच्या, हायरिंग हॉलमधून (काम वाटून देणाऱ्या कार्यालयातून) नोंदणीच्या क्रमाने मिळते. परगावी जाणाऱ्या कारागिराचा हा क्रम बहुधा हाताच्या कसबामुळे नव्हे, तर कागदांतल्या हलगर्जीमुळे जातो.

सर्वांत मोठी चूक यादी वाचण्यातच होते. त्या भागात राहणारे आणि तेथे काम केलेले अनुभवी कारागीर ‘बुक वन’वर असतात, तर बाहेरून आलेल्यांची नोंद ‘बुक टू’वर होते, आणि पहिल्या यादीतले कोणी काम घ्यायला उरले नाही तरच कॉल, म्हणजे ठेकेदाराची कामगारांची मागणी, दुसरीकडे सरकतो. त्यामुळे बुक टूवर आपल्यापुढे दहाच जण आहेत, एवढ्यावर घरभाड्याचा करार करू नये. बुक वनवर किती जण आहेत आणि आठवड्याला किती कॉल निघतात, हे आधी विचारावे. आपले सभासदत्व किती जुने आहे, हे सांगूनही उपयोग नसतो, कारण एका यादीत क्रम ठरतो तो सही केल्याच्या तारखेवरून. (१९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानुसार केवळ सभासद नाही म्हणून कोणाला डावलणेही बेकायदा आहे.)

दुसरी चूक क्षुल्लक दिसते, पण महागात पडते. नोंदणीचे नूतनीकरण साधारणपणे दर तीस दिवसांनी करावे लागते. ते विसरल्यास नाव यादीतून निघते आणि महिनोन्‌महिने राखलेली जागा सोडून तळापासून सुरुवात करावी लागते. ते ईमेलने चालते की समक्षच यावे लागते, हे प्रत्येक लोकलमध्ये वेगळे असते.

अल्पमुदतीच्या कामाला, म्हणजे ‘शॉर्ट कॉल’ला, अनेक जण उगाच घाबरतात. स्वतःचा दोष नसताना काम मर्यादेच्या आत संपले, तर फेरनोंदणीनंतर जुनी जागा परत मिळते. ही मर्यादा प्रचलित करारात चाळीस तासांची असली, तरी काही ठिकाणी ती वेगळी असते. स्वतःहून काम सोडणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

परवाना आधीच पाहावा: टेक्सास व वॉशिंग्टनमध्ये राज्याचा परवाना लागतो, इलिनॉयमध्ये राज्यस्तरीय परवाना नाही.

परगावच्या कामावर आरोग्य व निवृत्ती निधीत जमा होणारी रक्कम आपल्या मूळ लोकलच्या निधीकडे वळती होण्यासाठी युनियनच्या इलेक्ट्रॉनिक प्रणालीत नोंद असावी लागते. ती निघण्यापूर्वीच तपासावी. आरोग्यविमा खंडित झाल्यावर धावाधाव करून गेलेले महिने भरून निघत नाहीत.