मातीतून निघालेलं नाणं: आधी ओळखा, मग पाण्यात घाला

वाईत आमचं सोनारकाम आहे. पण नांगरट झाली की, जुन्या वाड्याचा पाया उकरला की, आणि हल्ली पोरं आपल्याच शेतात मेटल डिटेक्टर फिरवायला लागल्यापासून, रुमालात गुंडाळलेली नाणी, कड्या, घुंगरं आमच्या काट्यावर येतात. बहुतेक वेळा ती चिंच-मीठ लावून लख्ख घासलेली असतात. ते बघून जीव हळहळतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कायद्याचं बोलतो. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत दडलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. गाडगं किंवा हंडा लागला तर उचलू नका. आहे तिथेच फोटो काढा आणि कळवा. संरक्षित किल्ले, लेणी, जुनी देवळं यांच्या आवारात तर डिटेक्टर नेऊच नका.

ओळख पटवायला वस्तू चमकावी लागत नाही. सुकलेली माती मऊ ब्रशने झटका, वजन करा, चुंबक लावून बघा. चांदीचा राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. आमचा जुना तोळा याच वजनाचा. १८६२ च्या रुपयावर इंग्रजीत ‘क्वीन’, तर १८७७ पासून ‘एम्प्रेस’ असतं. १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटला तर घाबरू नका, तो निकेलचाच आहे. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ मधला. चांदी आहे का ते बघायला नाणं कसोटीच्या दगडावर मात्र घासू नका. कडेचा धातू कायमचा जातो.

तांब्याचं जाडसर, ओबडधोबड, कडेला अक्षरं तुटलेलं नाणं आलं की मी सगळी कामं बाजूला ठेवतो. दुकानातला दिवा मालवायचा, मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या अगदी कडेला आडवा धरायचा आणि नाणं सावकाश फिरवायचं. सपाट दिसणाऱ्या काळ्या पृष्ठावर सावल्या उठतात: आधी ‘श्री’ची वेलांटी, खाली ‘राजा’, त्याखाली ‘शिव’. उलटवलं की ‘छत्र’ आणि खाली ‘पति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. ही शिवराई. वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम. अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे पुढच्या काळातली. छाप उठवायचा ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे सगळी अक्षरं एकाच नाण्यावर क्वचितच मिळतात. अर्धं ‘त्र’ दिसलं तरी पुरे.

आता सफाई. तांब्यावरचा तपकिरी किंवा गडद हिरवा थर ही घाण नव्हे. झिजलेल्या नाण्याची अक्षरं पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतात. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांनी तो थर जातो आणि खाली गुलाबी, खड्डे पडलेलं तांबं उरतं. रिठ्याचं पाणी दागिन्याला ठीक, इथे नको. खोबरेल तेलही नको. त्यातल्या आम्लांनी तांबं पुन्हा हिरवं पडतं.

बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणा. बाटली पाण्याचीच आहे, ॲसिडची नाही, हे नीट वाचून घ्या. काचेच्या वाटीत नाणं बुडवा आणि पाणी रोज बदला. गढूळपणा थांबला की भिंगाखाली धरून बांबूची तासलेली काडी किंवा बाभळीचा काटा घ्या आणि अक्षरांतली माती कणाकणाने मोकळी करा. सुई, दाभण, तारेचा ब्रश लावू नका. माती हटत नसेल तर राहू द्या. मग सुती फडक्याने टिपून पूर्ण वाळवा.

थर गडद आणि घट्ट असेल तर काळजी नाही. फिकट पोपटी, पिठासारखी भुकटी सुटत असेल तर तो क्षारांचा रोग आहे, दमट हवेत वाढत जातो. असं नाणं वेगळं काढा, सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) पुडीसोबत हवाबंद डबीत ठेवा आणि जाणकार संवर्धकाला दाखवा.

शिशाला वेगळे नियम. सातवाहनांची हत्तीछाप नाणी शिशाचीही असतात: वजनाला जड, राखाडी, अंगावर पांढुरकी पूड. ही डिस्टिल्ड वॉटरमध्ये मुळीच भिजवू नका, कारण शुद्ध पाणी शिसं खातं. लाकडी कपाटातही ठेवू नका, लाकडाच्या आम्लाच्या वाफांनी ती पांढरी पडतात. पूड विषारी असते, म्हणून हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. लोखंडाची वस्तूही पाण्यात नको, कोरड्या ब्रशने हलकेच झटकली की पुरे.

साठवायला पीव्हीसीची मऊ, वास मारणारी पाकिटं टाळा. आम्लरहित कागदाची पाकिटं घ्या. पाकिटावर गाव, शेताचं नाव, किती खोलीवर सापडलं आणि शेजारी आणखी काय होतं हे त्याच दिवशी पेन्सिलीने लिहा.