स्टॉर्म सर्जचं मॉडेल: आधी भरती जुळवा, मग वादळ आणा

वादळाचा वारा आणि कमी दाब समुद्राचं पाणी नेहमीच्या भरती-ओहोटीपेक्षा जितकं वर चढवतात, तो स्टॉर्म सर्ज. तौक्ते चक्रीवादळावर (मे २०२१) मी त्याचं पहिलं मॉडेल चालवलं तेव्हा मुंबईत अपोलो बंदरच्या गेजवर (पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रावर) ओहोटी होती आणि माझ्या स्क्रीनवर भरती. दोन दिवस वाऱ्याची सूत्रं उसवत बसले. चूक घड्याळात निघाली. वादळाचा मार्ग आणि भरतीचे घटक (ज्यांच्या बेरजेतून भरती काढतात त्या लहरी) यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, गेजच्या नोंदी आपल्या वेळेत. फरक साडेपाच तासांचा, आणि मुंबईत भरतीपासून ओहोटीपर्यंत जातात सव्वासहा तास. सगळं चित्रच उलटं!

म्हणून वादळाला हात लावायच्या आधी पंधरा दिवसांची नुसती भरती-ओहोटी चालवा. त्यात एक उधाण (सगळ्यात मोठी भरती-ओहोटी) आणि एक भांग (सगळ्यात लहान) यायलाच हवी. गेजशी वेळ आणि उंची जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

सॉफ्टवेअर डेल्फ्ट-थ्रीडी घ्या किंवा ॲडसर्क. हैदराबादची इन्कॉइस (समुद्राचे इशारे देणारी सरकारी संस्था) ॲडसर्क वापरते. मी डेल्फ्टवर शिकले, इतकंच.

समुद्राच्या खोलीसाठी जेब्कोचा (जगभरच्या समुद्रतळाच्या नकाशाचा) डेटा फुकट मिळतो, पण त्याचा एक चौकोन साधारण साडेचारशे मीटरचा. भर समुद्रात चालतं, माहीमच्या खाडीचं तोंड मात्र त्यात हरवतं. तिथे नौकानयनाच्या चार्टवरचे आकडे भरा. भरताना सांभाळा: चार्टवरची खोली चार्ट डेटमपासून (साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून) मोजलेली, जमिनीची उंची सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईत दोन्हींत सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. ते विसरलात तर शिवडीचा चिखल अडीच मीटर वर येतो आणि फ्लेमिंगो उपाशी.

मॉडेलची बाहेरची हद्द किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राच्या पट्ट्यापलीकडे ठेवा. मुंबईसमोर हा पट्टा जवळपास ३०० किलोमीटर रुंद आहे, आणि पाणी जितकं उथळ तितकं वारा ते जास्त चढवतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर फुगतं; म्हणजे दाब ४० ने उतरला तरी ४० सेंटिमीटरच. बाकी काम वाऱ्याचं. वाऱ्यासाठी हॉलंडचं सूत्र (दाबावरून वादळातला वारा काढणारं) पुरतं. हवामान खात्याचा वेग तीन मिनिटांच्या सरासरीचा असतो, तो मॉडेलला हव्या त्या सरासरीत बदलून घ्या.

आता खरी गंमत. आपल्याकडे चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ मुंबईच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तर मुंबईत वारा जमिनीकडून समुद्राकडे. उत्तरेला चढलं तर समुद्र थेट अंगावर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला चढलं, वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण जवळच. तोच मार्ग एक अंश, म्हणजे ११० किलोमीटर, उत्तरेला सरकवा. मग वादळ एकेक तास उशिरा आणत बारा वेळा चालवा. सर्ज थोडाफारच हलतो, एकूण पातळी मात्र मीटरांनी बदलते, कारण उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतरच चार मीटरच्या वर जातं.

शेवटी एकूण पातळीतून नुसत्या भरतीचा निकाल वजा केलात की उरतो तो सर्ज. पण नकाशावर तो एकटा छापू नका. वरळी कोळीवाड्यातल्या माझ्या आत्याला एकदा म्हटलं, “सर्ज एक मीटर येईल.” ती म्हणाली, “कुठल्या भरतीवर गो?” तेव्हापासून मी एकूण पातळी चार्ट डेटमवर देते. पेपरात ‘साडेचार मीटरची भरती’ येते ती त्याच मापाची.