विद्यापीठाच्या संग्रहालयात प्रेक्षक-पाहणी घेण्याआधी

निकाल हाती आल्यावर नेमकं काय बदलणार, ते आधी एका वाक्यात लिहून काढा: वेळा, फलक की मार्गदर्शक. ज्या उत्तराने काहीच बदलणार नाही, तो प्रश्न तिथेच गाळा. माणसांना प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासाला मान्यता देणाऱ्या नीतिसमितीची परवानगी मिळायला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज लगेच टाका.

विद्यापीठाच्या संग्रहालयाची खरी अडचण म्हणजे बरेचजण स्वतःहून आलेलेच नसतात. संग्रहालयांच्या प्रेक्षकांचे अभ्यासक जॉन फॉक यांच्या 2009च्या मांडणीत येण्यामागच्या पाच प्रेरणा आहेत: कुतूहल, सोबतच्यांना दाखवणं, नावाजलेली जागा पाहून घेणं, अभ्यास किंवा छंद आणि निवांतपणा. ‘सरांनी पाठवलं’ यात कुठेच बसत नाही. तेव्हा पहिला प्रश्न ‘आज यायचं कोणी ठरवलं?’ हाच ठेवा आणि पाठवलेल्यांचे आकडे वेगळे मांडा. एरवी सरासरी काढून हाती काही लागत नाही.

प्रेरणा दारातच विचारा, अनुभव बाहेर पडताना. पाहून झाल्यावर विचारलं, तर जे आवडलं त्यासाठीच आलो होतो असं माणसाला प्रामाणिकपणे वाटतं. दोन्ही उत्तरं जुळवायला नावाऐवजी क्रमांकाचं कार्ड पुरे.

‘1 ते 5 पैकी किती आवडलं?’ यावर फार विसंबू नका. समोर त्याच विभागाचा विद्यार्थी उभा असेल तर लोक भिडेखातर 4 नाहीतर 5 देतात. त्यापेक्षा ‘यातलं काय दुसऱ्याला सांगाल?’ असं विचारा. जोडीला दालनाचा नकाशा घेऊन माणसं कुठे आणि किती सेकंद थांबतात ते टिपा. येलचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सन यांनी 1928मध्येच अशा निरीक्षणांवर लिहिलं होतं. निरीक्षण चालू असल्याची पाटी मात्र दारावर हवी.

कोणाला थांबवायचं हे चेहरा पाहून ठरवू नका. दारात एक रेघ धरा आणि ती ओलांडणाऱ्या दर पाचव्याला विचारा; नकार देणाऱ्यांचीही नोंद ठेवा. दिवस निवडताना परीक्षा, सुट्ट्या, शनिवार-रविवार सगळे येऊ द्यात. 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के चूक-मर्यादेसाठी (म्हणजे अशा शंभर पाहण्यांपैकी सुमारे 95मध्ये आकडा खऱ्याच्या 5 टक्के अलीकडे-पलीकडे यावा यासाठी) 384 उत्तरं हा पाठ झालेला आकडा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडीसाठी आणि सबंध नमुन्यापुरता आहे; गटागटांची तुलना करायची तर प्रत्येक गटात पुरेशी माणसं लागतात.

पेनं, पॅड, बसायला खुर्ची हे आलंच. लोकांनी स्वतःच्या शब्दांत दिलेल्या मोकळ्या उत्तरांचं वर्गीकरण दोघांनी स्वतंत्रपणे करायचं असतं, ते दोघं कोण हेही आताच ठरवा. पाहणी संपल्यावर त्या गठ्ठ्याला कोणी हात लावत नाही.