पाठीवर ढाल दिसली म्हणून शिल्डबॅक नव्हे! कॅटिडिड बघताना या चुका टाळा

गणपतीच्या आगेमागे माझ्या मोबाइलवर एक फोटो हमखास येतो. तपकिरी किडा, पंख नाहीत, मानेमागे खोगिरासारखं कवच. खाली प्रश्न: "जांबोटीला शिल्डबॅक कॅटिडिड सापडला, बरोबर ना?" नाव बहुतेक वेळा किडे ओळखायच्या ॲपनं सुचवलेलं असतं आणि विचारणाऱ्याला फक्त माझा होकार हवा असतो. तो मी देत नाही, त्यामुळे दोन-तीन मित्र रुसलेतही.

कॅटिडिड म्हणजे टोळासारखे दिसणारे, लांब मिशांचे गाणारे किडे. शिल्डबॅक म्हणजे त्यांच्या मोठ्या खानदानातली एक शाखा. पहिल्या छातीखंडावरचं कवच मागे ढालीसारखं वाढलेलं, त्याखाली दडलेले आखूड पंख, मातकट रंग. यांचा खरा गोतावळा आहे अमेरिकेच्या पश्चिम भागात, भूमध्य समुद्राच्या आसपास आणि ऑस्ट्रेलियात. 1848 मध्ये अमेरिकेत युटातल्या मॉर्मन पंथाच्या नव्या वसाहतीच्या पिकांवर तुटून पडलेला 'मॉर्मन क्रिकेट' हा शिल्डबॅकच. नावात क्रिकेट असलं तरी तो रातकिडा नव्हे. स्वीडनमध्ये शेतकरी याच गोतातल्या एका किड्याकडून हातावरची चामखीळ चावून घ्यायचे, म्हणून जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं त्याला 'चामखीळखाऊ' अशा अर्थाचं लॅटिन नाव देऊन टाकलं. खानापूर-बेळगावच्या माळावर हे नाव सगळ्यात शेवटी काढावं. आधी पुढचं तपासा.

मिशा बघा. टोळाच्या मिशा आखूड आणि जाडसर, कॅटिडिडच्या केसासारख्या बारीक आणि बहुधा अंगाहून लांब. शंका उरली तर पुढच्या पायाचा गुडघा न्याहाळा. त्याच्या जरा खाली बारीक फट किंवा खळगा दिसला तर तो कान. टोळाचा कान पोटाच्या पहिल्या खंडावर असतो. ओढ्याकाठच्या ओल्या चिखलात सेंटीमीटरभर लांबीचे मातकट किडे टुणटुण उडतात ना, त्यांची ढाल थेट शेपटापर्यंत पोचलेली असते. कणकुंबीजवळ मलप्रभेच्या काठी मी स्वतः पहिल्यांदा त्यांनाच शिल्डबॅक म्हणालो होतो. ते बुटके टोळ. शेवाळ खातात, मिशा आखूड. फसलो तो फक्त ढालीकडे बघत बसलो म्हणून.

पण सगळ्यात मोठी चूक याहून साधी आहे: पिल्लाला मोठं समजणं. आपल्याकडे पावसाबरोबर अंडी फुटतात, श्रावण-भाद्रपदात सगळीकडे पिल्लंच पिल्लं, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला पंखवाले गाणारे नर. पिल्लाला पुरते पंख नसतातच, त्यामुळे मानेमागचं कवच उगाच मोठं भासतं. ओळखायची खूण अशी: वाढत्या पिल्लाच्या पाठीवर पंखांच्या त्रिकोणी कळ्या असतात आणि त्यात मागच्या पंखाची कळी वर, पुढच्याची खाली दबलेली असते. मोठ्या किड्यात हे उलटं. त्याचे पंख कितीही आखूड असोत, पुढचा पंखच वर झाकण घालतो. भिंग नसेल तर मोबाइलनं जवळून फोटो घ्या आणि मोठा करून बघा. आणि किडा गात असेल तर प्रश्नच मिटला. पिल्लू गात नाही.

मागच्या वर्षी आमच्या बांधावर गवताच्या पात्याला उलटं लटकलेलं एक पिल्लू कात टाकताना सापडलं. पाठ उभी फाटली, आधी ढाल निघाली, मग डोकं, मग मिशा. त्या इतक्या लांब की जुन्या कातडीतून सुईतला दोरा ओढावा तशा हळूहळू निघत होत्या. पंख ओल्या टिश्यू पेपरसारखे चुरगळलेले. तेवढ्यात शेजारचे मामा बॅटरी बघून बांधावर आले. "काय हुडकालाईस रे, म्हस हरवली काय?" मी गप्प राहायची खूण केली, तर मामा मांडी घालून बसले ते पंख ताठ होईपर्यंत उठले नाहीत. शेवटी किड्यानं आपलीच कात खाल्ली, तेव्हा म्हणाले, "बरंच आहे की, वाया कशाला घालवायचं." अशा वेळी किड्याला बोट लावू नका. पंख ओले असताना धक्का बसला तर तो जन्मभर वाकड्या पंखांचा राहतो.

गुंडाळलेल्या पानातून बाहेर आलेला, बिनपंखी, पिवळट, लांब मिशांचा किडा दिसला तर पुन्हा गुडघा बघा. कान नसेल तर तो कॅटिडिड नाही, पानं रेशमानं शिवणारा त्याचा दूरचा भाऊबंद आहे. चावतो मात्र कडकडून.

मादीच्या शेपटाकडची तलवार बघून लोक 'नांगी, नांगी' म्हणून चप्पल उचलतात. ती अंडी घालायची नळी आहे, डंख नाही. कधी त्या नळीच्या बुडाशी साबुदाण्याच्या लगद्यासारखा पांढरा गोळा चिकटलेला दिसतो. तो रोग नाही, अंडीही नाहीत. मीलनात नरानं दिलेला खाऊ आहे तो, मादी वळून वळून खाते. मॉर्मन क्रिकेटचा नर आपल्या वजनाच्या पाव हिश्शाएवढा गोळा देतो.

रंगावरून जात ठरवू नका. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी दोन्ही निघतात. नुसत्या फोटोवरही फार विसंबू नये. मेकोपोडा नावाचा, सुकल्या पानासारखा मोठा कॅटिडिड घ्या. दक्षिण भारतातल्या मेकोपोडांवर बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवून दिलं, की दिसायला वेगळे न करता येणारे हे किडे पाच निरनिराळ्या तऱ्हांनी गातात. म्हणून रेकॉर्डिंग हवंच.

तिथं नेहमीच्या तक्रारी येतात.

"आवाज येतो, किडा दिसत नाही." चालत शोधू नका. चार पावलं टाका आणि थांबा, तो गप्प झाला तर पुन्हा गाईपर्यंत हलू नका. दोघं असाल तर दोन बाजूंनी आवाजाच्या दिशेला हात करा, हात जिथं मिळतात तिथं लाल कागद लावलेली बॅटरी मारा. भाताच्या शेतात आणि बांधावरच्या गवतात हे छान जमतं. झाडावर खोडाशी चपटा होऊन सालीसारखा बसलेला असेल तर त्याच्या अंगावर हात ठेवूनही कळत नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

"मला ऐकूच येत नाही, पोराला येतं." वय वाढलं की वरच्या पट्टीचे सूर आधी जातात, आणि काही कॅटिडिड तर माणसाच्या कानापलीकडे गातात. पोराला बरोबर न्या.

"रेकॉर्डिंगमध्ये नुसती खरखर." मोबाइलमधलं आवाज स्वच्छ करणारं सेटिंग बंद करा आणि फाइल वेव्ह (WAV) प्रकारात घ्या. बोलण्यासाठी केलेली ॲपं किड्याचा आवाज गोंगाट समजून कापतात. सुरुवातीलाच तारीख, जागा, वेळ तोंडानं बोलून ठेवा. गारठा वाढला की ठेका मंदावतो, तेव्हा हवामानही सांगा.

"डब्यात दोन ठेवले, सकाळी एकच." खाल्ला दुसऱ्यानं. बरेच कॅटिडिड पाल्याबरोबर किडेही खातात. एका डब्यात एकच ठेवा आणि पकडताना मागचा पाय धरू नका. तंगडी सोडून पळेल, आणि मोठ्या किड्याला ती पुन्हा येत नाही.

खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात मात्र डबा नेऊच नका. वनखात्याची परवानगी नसेल तर रात्री पाऊलही टाकू नका. गवे आणि अस्वलं आहेत. गावाकडेला, ओळखीच्या बांधावर, गमबूट घालून साडेसातनंतर उभं राहिलात तरी चार-पाच तऱ्हेची गाणी सहज ऐकू येतील. आमचे मामा आता शिवणयंत्रासारख्या आवाजात गाणाऱ्या कॅटिडिडबद्दल स्वतःच फोन करून सांगतात, "तुझा त्यो शिवणयंत्रावाला आज लई लवकर सुरू झालाय बघ."